पांढरे दगड खाली असताना

माझं शिक्षण आठवीपर्यंतच झालं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर माफ करा. शब्दही साधेच आहेत, दुसरे मला येत नाहीत. चार लोकांत तर माझ्या तोंडून आवाजच निघत नाही. म्हणून लिहितो.

आमचं गाव आर्वी तालुक्यात, टोंगळ्या डोंगराच्या पायथ्याशी. कुणी गुडघा मुडपून बसावं तसा तो डोंगर दिसतो, आणि गुडघ्याला आमच्याकडे टोंगळा म्हणतात. पावसाळ्यात त्याच्यावरून धबधबा पडतो. डोंगराच्या फाट्यावर माझी चहा-भज्यांची टपरी आहे.

या डोंगराची एक रीत आहे. वाटेच्या प्रत्येक वळणावर चुना लावलेला एक दगड असतो. मृग लागला की गावातले लोक ते सगळे दगड खाली आणतात आणि मारुतीच्या पाराजवळ रचून ठेवतात. कारण पावसात वाट दरवर्षी बदलते. काठ खचतात, गवत छातीपर्यंत येतं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की गवत कापत वर जायचं, नवी वाट बघायची आणि ताजा चुना लावून दगड पुन्हा मांडायचे. दगड वर, म्हणजे डोंगर उघडा. दगड खाली, म्हणजे बंद.

मला हे माहीत होतं. तरी यंदा एकतीस जुलैला, गुरुवारी, मी एक निळा बोर्ड रंगवला. टपरीवर येणारा प्रत्येक माणूस एकच विचारतो, डोंगर चढायला कोणता महिना चांगला? मी लाजतो, नीट सांगत नाही. म्हटलं, बोर्डच लावावा. पंधरा ऑगस्टला जोडून तीन सुट्ट्या येत होत्या. मी लिहिलं : ‘टोंगळ्या डोंगर. चढण्याचा उत्तम काळ : जुलै ते सप्टेंबर.’ माझा मित्र शुभमने खाली लाल बाण काढून दिला.

रात्री साडेनऊला पाऊस थांबला होता. मी आणि शुभम कढई घासत होतो. बंडूजी शेतातून घरी निघाले होते. ते साठीचे आहेत, वांगी-टमाटे लावतात, रोज जाताना माझ्याकडे अर्धा कप घेतात. त्यांनी बॅटरी बोर्डावर मारली आणि बराच वेळ काढलीच नाही.

“हे कोनं लिवलं?”

“मी,” म्हटलं.

“डोंगरावर दगड आहेत काय आत्ता?”

मी मान खाली घातली.

“नाईत ना? मंग कोणाले मारून राह्यला बे तू?”

शुभम हसला. “बंडूजी, लोक धबधबा पाहाले येतात. दसऱ्यानंतर काय पाहतीन, वाळलेलं गवत?”

“हास. दात आहेत तोवर हास.” बंडूजी बाकावर बसले. एवढं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. “हा टिनाचा शेड तुह्या आधी कोणाचा होता, मालूम आहे?”

“नत्थूजींचा.”

“त्यानं हे काऊन सोडलं, ते आइक. अन् मंग बोर्ड ठेवाचा का नाई, तू ठरवजो.”

त्यांनी सांगितलं ते असं.

लॉकडाऊन सुटला त्या पावसाळ्यात, दोन हजार एकवीस साली, नत्थूजी या शेडमध्ये चहा विकायचे. कुणीतरी धबधब्याचा व्हिडिओ टाकला आणि खाली नत्थूजींचा नंबर दिला. लोक फोन करायचे. त्यात हिंगणघाटचा एक मुलगा होता, नीरज नावाचा, बावीस वर्षांचा. त्याने तीनदा फोन केला. पहिल्यांदा विचारलं, कोणता महिना चांगला? दुसऱ्यांदा विचारलं, पावसात धोका तर नाही ना? तिसऱ्यांदा विचारलं, वाट चुकणार नाही ना? नत्थूजींनी तिन्ही वेळा सांगितलं, ऑगस्टात या, याच्यासारखा टाइम नाही, वाटेवर पांढरे दगड आहेत, ते पाहत जा.

“दगड तं पाराजवळ होते,” शुभम म्हणाला.

“होते. बारा ऑगस्टले नत्थूनं ते वर नेऊन ठेवले. अंदाजानं. जिथं मागच्या साली वाट होती, तिथं.”

पंधरा ऑगस्टला, रविवारी, नीरज आला. दगड पाहत पाहत चढला. सातव्या दगडाजवळचा काठ आठवड्यापूर्वीच खचला होता, वर नुसतं गवत उभं होतं. दगड तिथेच होता. मुलगा दगडाच्या बाजूने वळला आणि नाल्यात गेला. दुसऱ्या दिवशी सापडला. एका पायात बूट होता. दुसरा मिळाला नाही.

“अन् पोलीस यायच्या आधी,” बंडूजी म्हणाले, “रातच्या रात दगड खाली आले. पाराजवळ जसेच्या तसे रचले. सकाळी सारं गाव म्हने, डोंगर बंद होता साहेब, पोट्टे आइकत नाईत, मस्ती करतात. त्याचा बाप इथं उभा होता. इथं, या बाकाजवळ. एकच म्हनत होता, माहा पोरगा विचारल्याबिगर कुठं जात नसे. विचारून आला असन. कोनी तं सांगा, कोनाले विचारलं त्यानं?”

बंडूजींनी बाकावर मूठ आपटली. पेले हलले.

“एक मानूस बोलला नाई. एक नाई!”

शुभमचं हसू गेलं होतं. मी गॅस बंद केला.

पुढच्या वर्षी, चौदा ऑगस्ट, रविवार. नत्थूजींना पहाटे शेतातले टमाटे आर्वीच्या बाजारात न्यायचे होते आणि रिकामे कॅरेट शेडमध्ये राहिले होते. रात्री पावणेदहाला नत्थूजी गाडी घेऊन कॅरेट आणायला निघाले. झिमझिम सुरू होती. बायकोला म्हणाले, वीस मिनिटांत येतो, दार लोटून ठेव.

फाट्यावर आले. गाडी उभी केली. सहा कॅरेट एकात एक घालून दोरीने बांधले. दोरीची गाठ मारताना मागून आवाज आला.

“काका.”

शेडच्या कोपऱ्यात एक मुलगा उभा होता. पाठीवर बॅग. नत्थूजींना वाटलं, बस चुकलेला कोणी असेल.

“काका, डोंगर चढायला कोणता महिना चांगला?”

“अरे, ही काय इचाराची वेळ आहे? घरी जाय.”

“महिना सांगा.”

नत्थूजींनी बॅटरी लावली. आधी हात दिसले. कोपरापर्यंत पांढरे. चुना. ओला, टपकणारा. पाऊस पडत होता आणि चुना धुतला जात नव्हता.

मग बॅटरी खाली गेली.

एका पायात बूट होता.

“महिना सांगा, काका.”

फोनवर रोज जो शब्द बोलायचे, तो आता निघेना. शेवटी जीव एकवटून खरं बोलले.

“दसऱ्यानंतर... दसऱ्यानंतर ये, बाबू...”



पाऊस थांबला. बेडूक थांबले.

“मंग मले ऑगस्ट काऊन सांगतला?”

...

नत्थूजींनी कॅरेट तिथेच टाकले. गाडीला किक मारली. लागली नाही. पुन्हा मारली. नाही. गाडी ढकलत निघाले. धापा टाकत. मागे पाहिलं नाही.

पहिलं वळण आलं. वळले.

मागे आवाज झाला. ठक्. जमिनीवर दगड ठेवल्यासारखा.

दुसरं वळण.

ठक्.

पारापाशी...

ठक्.

गल्लीत...

घरात शिरले. कडी लावली. बायको म्हणाली, काय झालं जी? त्यांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. दोघंही उभे राहिले. अंधारात. श्वास धरून.

उंबऱ्यावर... अगदी दाराला लागून...

ठक्.

बंडूजी थांबले. टिनावरून एक-एक थेंब गळत होता.

“सकाळी त्यानं मले बोलावलं,” ते हळू म्हणाले. “वळनावरचा एकही दगड नाई. पाराजवळचे पुरे जागेवर. फक्त उंबऱ्यावर एक. छपरीत, कोरड्या जागी. म्या स्वतः पाह्यला. चुना ओला होता. नत्थूनं उचलाले हात नाई लावला. तवापासून तो मागच्या दारानं येते-जाते.”

मला एकदम आठवलं. नत्थूजी मागच्या दाराने जातात हे सगळ्या गावाला माहीत होतं. मी समजत होतो, कुणीतरी वास्तू पाहून सांगितलं असेल.

“पन बंडूजी,” शुभमने विचारलं, “नत्थूजी एकटे एवढे दगड वर कसे नेतीन? अन् एका रातीत खाली कसे आनतीन?”

मला वाटलं, बंडूजी त्याला मारतात. ते उठले. बोर्डाकडे पाहिलं, मग डोंगराच्या बाजूला, जिथे काहीच दिसत नव्हतं.

“बंडी कोनाची होती, इचार ना,” ते म्हणाले. आवाज फाटला. “बैल कोनाचे होते? वर जातानी अन् खाली येतानी. दोन्ही येळा. त्याचा बाप माह्याच तोंडाकडं पाहत होता बे! माह्याच! अन् मी म्हनलं, आजकालचे पोट्टे आइकत नाईत.”

ते बॅटरी न लावताच निघून गेले. त्यांचा अर्धा कप तसाच राहिला.

रात्रभर मला झोप आली नाही. भीती होती, पण त्यापेक्षा राग जास्त होता. नत्थूजींचा, बंडूजींचा, सगळ्या गावाचा. आणि लाल बाण काढून घेणाऱ्या माझा. तो मुलगा विचारून आला होता. तीनदा विचारून.

सकाळी सहाला मी नत्थूजींच्या घरासमोर गेलो. दारापुढची छपरी कोरडी होती. उंबऱ्यावर दगड होता. नारळाएवढा, पांढरा, भोवती तीन वर्षांची धूळ. दगडावर धूळ नव्हती. मी बसलो आणि त्यावर पंजा ठेवला.

चुना ओला होता. गार. हात उचलला तर पंजा पूर्ण पांढरा झाला.

नत्थूजी घराच्या बाजूने मागून आले. दातण तोंडात होतं. माझ्या हाताकडे पाहून उभे राहिले. मला वाटलं होतं, पुष्कळ बोलेन. एवढंच बोलता आलं, “त्याच्या वडिलांचा पत्ता द्या.”

त्यांनी दातण फेकलं. मग आत गेले आणि एक जुना कागद घेऊन आले. घडीवर फाटलेला होता. म्हणजे बऱ्याचदा उघडला असावा.

मी फाट्यावर आलो. त्याच पंजाने बोर्ड पुसला. ‘जुलै ते सप्टेंबर’ पांढऱ्याखाली गेलं, लाल बाणही गेला. हातावरचा चुना तेवढ्याला पुरला. त्यावर कोळशाने लिहिलं : ‘डोंगर बंद आहे. दसऱ्यानंतर या.’

मग टपरी न उघडताच आठच्या गाडीने हिंगणघाटला गेलो.