गुरम्माच्या जागेवर लावलेलं झाड

या असे जवळ, मोबाईल ठेवा खिशात. आपला रामलिंग ठाऊक हाय ना, औशाचा नर्सरीवाला? त्यानं डोळ्यानं पाहिलं अन् मला सांगितलं. कलमाचं वय सांगताना थोडं इकडंतिकडं करत असेल, पण असल्या गोष्टीत खोटं बोलणारा माणूस न्हाई तो.

गेल्या येळवशीची, म्हणजे रानात जेवायला जातात त्या अवसेची गोष्ट. शुक्रवार. रामलिंग टेम्पोत एक मोठं झाड घालून लातूर रोडला निघाला. बॉटलब्रश, लाल फुलांचं. पण जात अशी की साऱ्या फांद्या खाली लोंबतात. लॉनवाल्यांना लई आवडतं. नवरानवरी त्याच्याखाली फोटो काढतात. धोंडप्पानं आपल्या रानात लग्नाचं लॉन काढलेलं, दुसऱ्या दिवशी पहिलंच लग्न होतं. झाड त्याच रात्री लागायला पाहिजे होतं.

आता 'आपल्या रानात' म्हणालो, पण रान मूळचं त्याच्या चुलतीचं, गुरम्माचं. तिला लेकरू न्हाई, नवरा आधी गेलेला. आम्हा लिंगायतांत जाळत न्हाईत, मांडी घालून बसवतात अन् पुरतात, आपल्याच रानात. नवऱ्याशेजारची जागा तिनं धरून ठेवलेली. रान नावावर करून देताना धोंडप्पाला एवढंच म्हणली, "मला तिथून उठवू नको बाबा." ह्यानं तिच्या पायावर हात ठेवला. "न्हाई उठवत, काकू." अन् ती जाऊन दोन वर्षं झाली न्हाईत तोवर जेसीबी लावून दोघांच्या समाधीचे ओटे सपाट केले की ह्या नालायकानं! मला अजून संताप येतो.

असो. साडेआठ वाजलेले. येळवशीचं जेवून माणसं घरी गेलेली, रान सामसूम. रामलिंगनं विचारलं, "आप्पा, खड्डा कुठं?" सगळीकडं कडक मुरूम, पहार लागंना. धोंडप्पानं एका जागी टाच मारली. "हितं खोद. माती भुसभुशीत हाय."

एवढीच जागा भुसभुशीत कशानं, हे रामलिंगला माहीत नव्हतं. धोंडप्पाला होतं.

कमरेइतकं खोदलं अन् खोऱ्यात पांढरं आलं. विभूतीचे गोळे, पुरताना मयताभोवती ठेवतात ते. रामलिंग उडी मारून वर आला.

"आप्पा, ही समाधी हाय कुणाची तरी."

"झाड ठेव अन् जा."

रामलिंगनं झाड खड्ड्यात उतरवलं, पण माती लोटायला तयार होईना. टेम्पोत जाऊन बसला. मग धोंडप्पानंच खोरं उचललं.

वारा नव्हता. तरी फांद्या हलल्या. एकाच बाजूला. धोंडप्पाकडं.

त्यानं हातानं सारल्या. त्या परत आल्या.

"कोण हाय?"

...

"कोण हाय रे तिकडं?"

मग आवाज आला. म्हातारीचा. अगदी मायेनं बोलावं तसा.

"मला उठवलंस नव्हं... आता तू बस."

रामलिंगनं टेम्पोचे दिवे लावले. फांद्या जमिनीला टेकलेल्या. आत धोंडप्पा दिसंना. नुसता माती पडल्याचा आवाज... थप... थप... पण खोरं तर बाहेर पडलेलं.

रामलिंग पळाला. पहाटे चार माणसं घेऊन आला. धोंडप्पा झाडाखाली होता. मांडी घालून. छातीपर्यंत मातीत.

मेला न्हाई. आजही हाय, लातूरला लेकीकडं. डॉक्टर म्हणतात, पायात दोष न्हाई. पण ती मांडी सुटत न्हाई. तसाच उचलून न्यावा लागतो, तसाच झोपवावा लागतो. गुरम्मानं सूड घेतला. लई चांगलं केलं, मी कुणाच्याही तोंडावर सांगतो. ते लग्न दुसरीकडं लागलं, लॉनला कुलूप हाय.

अन् झाड...

रामलिंग तीस वर्षं कलमं बांधतो. म्हणतो, ह्या जातीची फांदी जन्मात वर जात न्हाई. मी स्वतः जाऊन पाहिलं, दिवसा.

साऱ्या फांद्या आभाळाकडं उभ्या हायत.