डाव्या गालावरचं ऊन

हे खरं हाय.

आणि आधीच सांगतो, ह्यात अमावस्या न्हाय, पैंजण न्हाय, विहीर न्हाय. असल्या थापा मारणाऱ्यांना मी शुक्रवार पेठेत चहा पाजून पाजून हसलोय. चादर पांघरून दोघातिघांना पळवलंय पण.

हे झालं सकाळी साडेआठला. गेल्या फेब्रुवारीत, रविवारी. मोडनिंबच्या पुढं, उघड्या माळावर.

माझा मेव्हणा अमरेश. नवा कॅमेरा घेतल्यापासून माणसात न्हाय. मोबाईलवर फोटो काढणारा त्याला किडामुंगी वाटतो.

"दाजी, ऑटो म्हणजे कॅमेऱ्याच्या मनाचा कारभार. अंधार दिसला की गुपचूप उजेड वाढवतो. मॅन्युअलवर जे हाय तेच येतं."

"मग तुझं तोंड मॅन्युअलवर काढू नको की."

समोर माळ, एक बाभूळ, कोरं आभाळ. आयएसओ शंभर, अपर्चर अकरा, शटर एकशेपंचवीस. पुटपुटत होता, पूजेला बसल्यागत. एवढ्याशा बाभळीसाठी.

तो चहा ओतायला वळला. मी शटरची चकती फिरवून हजारावर नेली.

पुढचा फोटो काळाकुट्ट.

"दाजी, हात लावला न्हवं?"

"कॅमेरा लाजला असंल."

त्यानं परत एकशेपंचवीस केलं. मला बाभळीजवळ उभं केलं. झाड केवढं ते कळायला शेजारी माणूस लागतो म्हणे. बाभूळ माझ्या उजवीकडं. ऊन डाव्या गालावर.

टिक.

लांब कुटंतरी मेंढरांच्या घंट्या वाजत होत्या.

टिक.

घंट्या थांबल्या...

टिक.

आणि डावा गाल गार पडला. कोणी उन्हाच्या आड येऊन उभं राहिलं की लागतं, तसं.

बघितलं.

कोणी न्हवतं. वर ढग पण न्हवता.

"दाजी, हिकडं या. पळत या."

स्क्रीनवर तीन फोटो. माळ तिन्हीत सारखा. बाभूळ सारखी. पहिल्यात मी लख्ख. दुसऱ्यात माझ्या डाव्या खांद्यावर सावली. तिसऱ्यात ती गालावर आलेली...

माणसाची सावली. डोकं, खांदा, सगळं.

"भारी जमवलंस की. कसं केलंस?"

त्यानं आकडे दाखवले. शंभर, अकरा, एकशेपंचवीस. तिन्हीला तेच.

"मी काय बी केलं न्हाय दाजी. अक्काची शपथ."

भित्रं. तितंच सगळे फोटो पुसले. येताना गाडी मी चालवली. तो मागं बसला. माझ्या शेजारची सीट रिकामी असून. मी घरापर्यंत चिडवत आलो.

मागच्या आठवड्यात लायसन रिन्यू करायचं म्हणून फोटो काढायला स्टुडिओत गेलो. दोन्ही बाजूंनी दिवे. स्टुडिओवाल्यानं तीनदा काढला.

"काका, डावीकडनं सावली पडतीय."

"कुणाची?"

तो माझ्या डावीकडं बघत राहिला. मग आणखी एक दिवा लावला.

चौथा फोटो...

सावली नाक ओलांडून उजव्या डोळ्याशी आलेली.

फॉर्म तसाच पडलाय. अमरेश फोन उचलत न्हाय. बायकोला मी काय सांगितलं न्हाय.

रोज सकाळी गच्चीवर उन्हात उभा राहतो. उजवा गाल तापतोय का बघतो.

आज जरा उशिरा तापला.