तिसऱ्या बेसवर राहिलेला

ही गोष्ट रचलेली नाही. माझी मावसबहीण ऋजुता आज दातांची डॉक्टर आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की ती उठून चहा टाकायला जाते.

एवढी एक संध्याकाळ मात्र तिला नाकारता येत नाही.

जुलै २००६. इंग्लंडमधलं वॉटफर्ड. साडेआठ वाजलेले, पण तिकडच्या उन्हाळ्यात तेव्हा लख्ख उजेड असतो. म्हणजे अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

ऋजुता तेव्हा अकरा वर्षांची, तिचा भाऊ आरव सात. शेजारच्या सुयशचे बाबा चार वर्षं न्यू जर्सीत काढून आले, येताना बेसबॉलची बॅट आणि ग्लोव्ह्ज घेऊन. झालं, गल्लीतल्या पोरांना वेड लागलं. सगळं वॉटफर्ड फुटबॉल खेळायचं आणि ही पाच-सहा पोरं घरामागच्या मैदानात बेसबॉल. पहिला बेस कुणाचा तरी स्वेटर, दुसरा दप्तर, तिसरा कुंपणाच्या झुडपांजवळचा झाडाचा बुंधा. आणि जिथे परत पोचलं की धाव मिळते, ते होम म्हणजे मावशीच्या दारातलं काथ्याचं पायपुसणं. पोरं त्याला मॅट म्हणायची. ऋजुता रोज ती गुपचूप उचलून न्यायची.

पोरं कमी, म्हणून एक नियम होता. बेसवर उभ्या असलेल्याचीच बॅटिंगची पाळी आली, की त्याने "घोस्ट!" असं ओरडायचं आणि बॅट घ्यायला यायचं. त्याच्या जागी बेसवर घोस्ट उभा आहे, असं सगळ्यांनी धरून चालायचं. घोस्ट बेसवर असताना खेळ अर्धवट सोडायचा नाही, ही सुयशची सक्त ताकीद होती.

त्या संध्याकाळी आरवने घसरत जाऊन तिसरा बेस गाठला. डावा गुडघा बुंध्यावर आपटून फुटला. पठ्ठ्या रडला नाही. बॅटिंग त्याचीच होती. "घोस्ट!" ओरडून तो आला आणि त्याने बॅट उचलली.

तेवढ्यात मावशीची हाक आली. "ऋजू, आरवला घेऊन ये गं. जेवण गार होतंय."

"ए, घोस्ट अजून थर्डवर आहे," सुयश म्हणाला.

"असू दे ना. आई चिडेल."

ऋजुताने मॅट काखोटीला मारली, आरवचा हात धरला आणि निघाली.

आरव म्हणजे तोंडाचा पट्टा. पण त्या दिवशी...

एक शब्द नाही.

घरांमागच्या वाटेवर मागून पावलं वाजली. एक जोरात, एक हलकं. कुणीतरी लंगडत पळत येत होतं.

ती थांबली. पावलं...

थांबली नाहीत. तिच्या बाजूने पुढे निघून गेली. वाट रिकामी होती.

"ताई, बघू नको," आरव म्हणाला. "गेम ओव्हर झाला."

भाऊ हातात आहे ना, मग झालं, असं ऋजुता स्वतःला बजावत राहिली.

मावशी दारात उभी होती. हातात कापूस, मलम. आरवला बघून ती गोंधळली.

"अरे, तू आत्ता इथे होतास ना? गुडघा फोडून घेतलास. आत ये म्हटलं तर येईनास. 'मॅट कुठंय, मॅट कुठंय' एवढंच लावलं होतंस. मी कापूस आणायला गेले, तेवढ्यात गायब."

"मी ताईबरोबर होतो," आरव म्हणाला.

मावशीने ऋजुताच्या काखेतली मॅट ओढून दारात टाकली. "बरं, पाय पुसा आणि चला."

आरव मॅटवर दोन्ही पाय ठेवून क्षणभर उभा राहिला. हसला. मग आत गेला.

मावशी कापूस घेऊन त्याच्या खुर्चीपाशी वाकली. "कुठे लागलंय रे?"

ऋजुताने टेबलाखाली पाहिलं...

दोन्ही गुडघे स्वच्छ होते. ना रक्त, ना माती, ना गवताचा डाग.

ती मॅट उचलून मैदानात धावली. अजून उजेड होता. आरवला हाका मारून तिचा घसा बसला. बुंध्यापाशी कुणी नव्हतं. त्यावरचं रक्त मात्र अजून ओलं होतं.

आरव आता ब्रिस्टलला इंजिनिअर आहे. आई-वडिलांना जपतो. तक्रारीला जागा नाही. "आईने मला आरवला घेऊन ये म्हणून सांगितलं होतं," असं ऋजुता मला एकदाच म्हणाली, आणि खूप रडली.

दर जुलैत ती माहेरी जाते आणि साडेआठला तीच झिजलेली मॅट मैदानात नेऊन ठेवते. तासभर बसते. मागच्या जुलैत मीही त्या घरी होतो. ती निघाली, तेव्हा सुट्टीला आलेला आरव सोफ्यावर टीव्ही बघत हसत होता. ती फाटकाबाहेर पडली मात्र...

तो उठला. त्याने पुढचं दार आतून लॉक केलं, मग मागचं.

"बेल वाजली तर आधी खिडकीतून बघ," तो मला म्हणाला. "ताई एकटी असेल तरच उघडायचं."