विहीर कुणी खारवली?

चंद्रप्रकाश शेठनं घोट घेतला आणि लगेच थुंकला. पाणी विद्याधरच्या चपलेवर पडलं.

“काय हो, मिठागर विकताय का मला?”

विद्याधरनंही ओंजळ पुढे करून चाखलं. खारटच! हे दुसरं गिऱ्हाईक! अंधेरीहून वेसाव्याला जाणाऱ्या वाटेवरचा प्लॉट, साल पंचावन्न. नळ अजून इथवर पोचले नव्हते. विहीर गोड नसेल तर घर बांधतोय कोण इथे?

आणि सौदा बुडाला की विद्याधरचीही वाट लागणार होती. जागेच्या दलालीला सरकारी परवाना-बिरवाना काही नव्हता. अण्णा हाच परवाना! आयुष्यभर जागा दाखवलेले अण्णा ज्याला ‘हा तयार झाला’ म्हणत, त्याच्याच हाती लोक घराची किल्ली देत. “एक सौदा जुळव, मग सांगतो सगळ्यांना,” असं त्यांनी विद्याधरला बजावलं होतं. धंदा त्यांनीच शिकवला. जागा सकाळच्या उजेडात दाखव. भावाचं बोलण्याआधी तिथल्या विहिरीचं पाणी पाज. त्यासाठी ते आपला फिरकीच्या झाकणाचा तांब्या आणत, विहिरीवर भरत आणि वरून धार धरत. त्या तांब्याला दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना खपत नसे. आजही तो त्यांच्याच हातात होता.

जागेचे मालक अनंतराव सांताक्रूझहून आले होते. ते भडकले. “पुन्हा तीच मथुरा!”

मथुरा ही कुंपणापलीकडची कोळीण. मासे खारवायची, पाणी याच विहिरीचं न्यायची. पहिलं गिऱ्हाईक थुंकून गेलं तेव्हा विद्याधरनं सरळ तिच्याकडे बोट दाखवलं होतं. जागा विकली की हिचं पाणी बंद, म्हणून हीच विहिरीत मीठ ओतते! अनंतरावांनी विहीर पार उपसून घेतली, लोखंडी झाकण बसवून कुलूप ठोकलं. तेव्हापासून मथुरा घरात बाळंतीण सून टाकून लांब गावातल्या विहिरीवर हंडे भरायला जात होती.

पण आज विद्याधरच्या डोक्यात किडा वळवळला.

“अनंतराव, किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्या कनवटीला.”

“झाकण मध्ये कधी उघडलंत?”

“कशाला उघडू? आज उघडलं, तुझ्याच समोर.”

“कुलूप ओरखडलेलं होतं?”

“छे! गंजलंय नुसतं.”

“मग मथुराबाईनं मीठ टाकलं कुठून?”

अनंतरावांनी कुलूप उलटसुलट करून पाहिलं. अण्णा मध्येच बोलले, “अरे, खाडी जवळ आहे. आतून झिरपलं असेल. चल, ऊन चढतंय.”

विद्याधर कुंपणाशी गेला. मथुरा अंगणात हंडा घासत होती.

“मथुराबाई, एक विचारू?”

“आता काय ऱ्हायलंय विचारायचं?”

“पहिलं गिऱ्हाईक आलं, त्या दिवशी इथलं पाणी नेलं होतंत?”

“सकाळीच नेलं. सुनेला तेच पाजलं.”

“खारट होतं?”

“खारट पानी बाळंतिनीला पाजीन मी? गोड होतं!”

विद्याधर तरातरा परत आला. त्यानं बादली सोडली, वर ओढली आणि ओंजळीनं प्याला. पाणी गोड होतं! त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली. दोन्ही वेळा त्यानं तांब्यातलं पाणी चाखलं होतं, विहिरीतलं एकदाही नाही.

“अण्णा, तांब्या द्या.”

“माझा तांब्या मी कुणाला...”

“द्या अण्णा.”

अण्णांनी तांब्या हळूच पुढे केला. विद्याधरनं तांब्या घेतला, बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

“झाकण बंद, किल्ली कनवटीला, विहीर उपसलेली. म्हणजे बाहेरून मीठ पडलं नाही. खाडी झिरपली असती तर बादलीतलं पाणीही खारट लागलं असतं. पाणी विहिरीत गोड आहे आणि तांब्यात खारट. घरूनच तळाशी मिठाचं दाट पाणी घालून आणलंत, वर विहिरीचं भरलंत. तांब्याला हात लावणारे तुम्ही एकटेच. का केलंत अण्णा?”

अण्णा विहिरीच्या काठावर टेकले.

“तू तयार झालास रे. तयार झालास म्हणजे गेलास. डोळे अधू झाले, मला आता पाटीसुद्धा वाचता येत नाही. हात धरून कोण फिरवणार होतं मला? वाटलं, एवढा सौदा मोडू दे, आणखी काही महिने राहशील.” त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. “त्या बाईचं पाणी तुटलं आणि मी गप्प राहिलो. त्या दिवसापासून घास उतरत नाही घशाखाली.”

“झकास!” चंद्रप्रकाश शेठ बादलीतलं पाणी पिऊन म्हणाले. “पाणी गोड, जागा पसंत. बोला विद्याधर, सौदा तुमच्याशीच.”

विद्याधरला काही आनंद झाला नाही. त्यानं अण्णांना उठवून हाताला धरून कुंपणाशी नेलं. अण्णांनी हात जोडले. “बाई, चुकलो. मीठ मी टाकलं.”

मथुरेनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती विद्याधरला म्हणाली, “मीठ यानं टाकलं, बरं. पन माजं नाव कोनी घेतलं?”

विद्याधरची मान खाली गेली. अण्णांनी तिचं नाव कधीच घेतलं नव्हतं. तिचं नाव त्यानंच घेतलं होतं. विहिरीतलं पाणी न चाखता, तिला एका शब्दानं न विचारता.

“मी,” तो म्हणाला.

“विहीर उघडी आहे, बाई,” अनंतराव ओशाळून म्हणाले. “भरा हवं तेवढं.”

मथुरेनं रिकामा हंडा काखेला लावला आणि ती गावातल्या विहिरीच्या वाटेला लागली.