दुर्गाच्या वहीतलं दुसरं अक्षर

दुर्गा खुर्चीच्या टोकावर बसली होती आणि मांडीवरची वही कुणी हिसकावून नेईल अशी धरून होती.

"ताई, शुक्रवारी पाचला यादी जाणार," ती म्हणाली. "मॅडम म्हणतात, ही वही दुसऱ्या कुणीतरी लिहिली. मी नाही."

सुप्रियाने वही घेतली. आगीचे विमादावे तपासता तपासता तिने सिल्वासात स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं होतं. शेजारच्या खुर्चीत तिचा मामा मुकुंद, धाग्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला. पगार नव्हता, पण चहा तो हक्काने प्यायचा.

दुर्गाने सांगितलं ते असं. ती खानवेलची, सरकारी दवाखान्यात नर्स. सकाळची ड्युटी करून पाच ते सात सुवर्णा मॅडमच्या जर्मनच्या क्लासला जायची. जर्मनीतल्या एका इस्पितळाने या क्लासकडून एकच नर्स मागितली होती आणि ते नाव दुर्गाचं होतं. पण नाव पाठवण्याआधी सगळ्यांच्या वह्या पहिल्यांदाच तपासताना मॅडमना तिच्या वहीत दुसरं अक्षर दिसलं. बाहेरून लिहून घेतलेलं चालणार नाही, हा क्लासचा नियम.

"तू आधी कुणाला बोलली नाहीस?"

"मला वाटलं मॅडमच तपासतात. मी तर रोज मनात थँक्यू म्हणत होते."

मुकुंदने वही चाळली. दुर्गाचा गोल निळा मजकूर, आणि चुकलेल्या प्रत्येक शब्दावर काळ्या पेनाची एकच सरळ रेघ. वर बरोबर शब्द, समासात बारीक आकडे. १४.२०. पुढच्या पानावर १४.३५. त्याला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण पान ओळखीचं वाटत होतं. का, ते काही सुचेना.

"वीसपैकी चौदा म्हणजे बरे आहेत," तो म्हणाला. "पण इथे पस्तीसपैकी चौदा? पोरगी नापास."

"मामा, चौदाच्या खाली-वर गुण कधी गेलेच नाहीत?" सुप्रिया म्हणाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वहीतल्या तारखा उतरवत बसली. मुकुंदला वाटलं, तिला उत्तर नको असणार. म्हणून त्याने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, दोघं क्लासवर गेली. जिन्याखाली चपलांचं दुकान, वर एक मोठी खोली, सागवानी बाकं, आणि दाराजवळ एक फळी. वहीची जागा ती.

"बाकीचे वह्या घरी नेतात," सुवर्णा मॅडम म्हणाल्या. "दुर्गा सातनंतर इथेच अभ्यास लिहिते, वही ठेवते आणि शेवटची बस पकडते. तिच्या घरी लिहायला जागा नाही." बाई मनाने वाईट नव्हत्या. नियमाच्या मात्र पक्क्या होत्या. दुपारी एक ते चार क्लास बंद. किल्ल्या दोन, एक त्यांची, एक झाडलोट करणाऱ्या बायडाबाईची. तीही धड झाडत नाही, बाकांखालचा कचरा तीन आठवड्यांतून एकदाच निघतो, अशी कुरकूर त्यांनी जाता जाता केली.

मुकुंदने मदत म्हणून एक बाक सरकवून पाहिलं. बाक हललं नाही. त्याची कंबर हलली.

अनिकेत भेटला त्याच्या ऑफिसात. पुण्याचा इंजिनिअर, क्लासमध्ये सर्वांत हुशार. त्याने वही पाहिली आणि त्याचे कान लाल झाले. ज्याने हे दुरुस्त केलं त्याच्याएवढं मला येत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. यादीत दुसरी होती पल्लवी. दुर्गाचं नाव गेलं तर फायदा तिचाच. ती सरळच बोलली, "मला तिची जागा हवीय. पण तिला अडकवायचं तर मी चुका घातल्या असत्या, काढल्या नसत्या."

बायडाबाई मुकुंदच्या खांद्यालाही लागत नव्हती. शिरपूरकडची. आपल्याला अक्षर येत नाही, असं सांगून तिने वही उलटी धरून दाखवली. नवरा भगवंत अठरा वर्षं अथालच्या धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर, पाळीला जायला कंपनीची बस पकडतो, असंही बोलण्यात आलं. मुकुंदला त्यात काही घेण्यासारखं वाटलं नाही.

परत क्लासवर येऊन सुप्रियाने मॅडमना एकच विचारलं. समासात एका जागी लांब वाक्य होतं, ते काय आहे?

दुर्गाने तिथे म्हाताऱ्या रुग्णाला पलंगावरून उठवण्यावर निबंध लिहिला होता. मॅडमनी शेरा मराठीत सांगितला, "हात लावण्याआधी पूर्ण थांबू द्या. थांबल्याची खात्री करा. मगच हात लावा." मग म्हणाल्या, "नर्सिंगच्या पुस्तकात असं कुणी लिहीत नाही. पण लिहायला हवं होतं."

"आज दोन वाजता सगळ्यांना इथे बोलवा," सुप्रिया म्हणाली. "हा आठवडा त्या दुसऱ्या अक्षराचाच आहे."

दोनला सगळे बाकांवर बसले. दुर्गा भिंतीकडे तोंड करून.

"आधी दुर्गा," सुप्रियाने सुरुवात केली. "लिहून घेणारा माणूस चुका लपवतो. इथे प्रत्येक चूक एका रेघेखाली जशीच्या तशी वाचता येते. जूनच्या पहिल्या पानावर अकरा, शेवटच्या दुरुस्त पानावर दोन. त्या अकरा पण तिच्याच, त्या दोन पण तिच्याच. मॅडम, ही वही तिच्याविरुद्धचा पुरावा नाही. तिच्या शिकण्याचा आहे."

मॅडमनी वही ओढून घेतली आणि पानं उलटत राहिल्या.

"आता दुसरं अक्षर. मामा, चूक खोडायची नाही, एक रेघ मारायची, बाजूला वेळ टाकायची. असं कुठे करतात?"

मुकुंदच्या डोक्यात आत्ता कुठे दिवा लागला. "शिफ्टच्या डायरीत," तो म्हणाला. "पुढच्या पाळीला कळायला हवं ना, आधी काय चुकलं होतं." एकतीस वर्षं त्याच्या हातून त्या डायऱ्या गेल्या होत्या. त्याला स्वतःच्याच कपाळावर हात मारावासा वाटला.

"म्हणजे समासातले आकडे गुण नाहीत," सुप्रिया म्हणाली. "दुपारचे दोन वीस, दोन पस्तीस. दुरुस्त्या एक आठवडा येतात, दोन आठवडे नाहीत. कारखान्यात पाळी अशीच फिरते. पहिल्या पाळीत माणूस दोन वाजता कामावर असतो, रात्रपाळीनंतर झोपलेला असतो. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातच त्याला दुपार मिळते. त्याच आठवड्यात ही जड बाकं सरकतात आणि खालचा कचरा निघतो. एकट्या बायडाबाईला ती हलत नाहीत. आणि तो शेरा नर्सिंगचा नाहीच. फिरत्या मशीनला हात लावण्याआधीची सूचना आहे ती. जर्मन मशीनच्या पुस्तकातली."

जिन्यावर पावलं वाजली. बायडाबाई केरसुणी घेऊन आली. तिच्यामागे निळ्या शर्टातला, हातात डबा घेतलेला पन्नाशीचा माणूस दारातच थबकला.

भगवंतने आधी हातच जोडले. वाकड्या हेतूने काही केलं नाही, म्हणाला. मशीन बसवायला हेल्मुट नावाचा जर्मन फिटर सात महिने आला होता. त्याच्याकडून बोलणं शिकला, मग मशीनची पुस्तकं वाचली. हेल्मुट परत गेल्यावर अकरा वर्षं पत्रं चालली. भगवंतचं प्रत्येक पत्र तो एका रेघेने दुरुस्त करून उत्तरासोबत परत पाठवायचा.

"हसला नाही कधी," भगवंत म्हणाला. "मग पत्रं बंद झाली. बाक सरकवताना ह्या पोरीची वही पडली, उघडली. चूक दिसली की हात जातो मॅडम, सवय हाय."

सुवर्णा मॅडम उभ्या राहिल्या आणि त्याच्याशी जर्मनमध्ये बोलल्या. हळू, एकेक शब्द ठेवत.

भगवंतने डबा खाली ठेवला. शर्टाचं वरचं बटण लावलं. मग बोलू लागला. मुकुंदला एक अक्षर कळलं नाही. त्याला इतकंच दिसलं, की मॅडमचा खडू धरलेला हात हळूहळू खाली आला, अनिकेत नकळत उभा राहिला, आणि दुर्गा भिंतीकडून वळली. तिचे ओठ त्याच्या शब्दांमागून हलत होते. खालच्या दुकानातला हातोडाही कुणी थांबवला असावा, असं मुकुंदला वाटलं.

बायडाबाई केरसुणीवर हनुवटी टेकून बघत होती. "माले वाटे, हाऊ मशीनसंगे बोलस," ती पुटपुटली. घरात नवरा इतकी वर्षं एकटाच बोलतो ते तिने मशीनच्या नादावर सोडून दिलं होतं.

पावणेतीनला बसचा हॉर्न वाजला. भगवंत डबा उचलून जिन्याने पळाला.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी दुर्गाचं शिफारसपत्र टाइप केलं. लगेच पाठवलं मात्र नाही. छापून फळीवर, वहीशेजारी ठेवलं आणि जेवायला गेल्या.

चारला सुप्रिया आणि मुकुंद आले तेव्हा दुर्गा ते पत्र हातात घेऊन उभी होती. तिसऱ्या ओळीत एका शब्दावर काळी सरळ रेघ होती. समासात लिहिलं होतं, १४.२५.

"बरोबर आहे त्याचं," मॅडम म्हणाल्या, आणि नव्याने टाइप करायला बसल्या. पाचला अजून तासभर होता.