बरी म्हंजे किती पायऱ्या?

"तुमच्याकडं हृदय हाय का?"

पैज मैत्रिणींनी लावलेली. शाहूपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात पत्रांचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या बारावीच्या अभिरामला हे विचारायचं, आणि हसायचं नाही. अकरावीतल्या संघप्रियानं बेधडक विचारलं.

त्यानं मान वर केली. "दोनशे बारा आहेत. सगळी झडप बदललेली. कुठलं देऊ?"

ती हसली. हरली.

त्याची मावशी हृदयाची डॉक्टर. ऑपरेशननंतर पेशंट कसे आहेत, याची पत्रं यायची. सुट्टीत तो ती वहीत उतरवायचा. संघप्रियानं ऐटीत वही ओढली, पानं उलटली... आणि थांबली. अक्षता कांबळे, वय बावीस. बरी.

ही तिची आक्का. नळापर्यंत गेली तरी धापा टाकत बसणारी आक्का.

"कुणी लिवलं हे?" तिचा आवाज दुकानभर झाला.

अभिरामनं गठ्ठ्यातून पोस्टकार्ड काढलं. अक्षर संघप्रियाचंच होतं. दिवाळीत वडिलांनी, म्हणजे दादांनी सांगितलेलं, "लिही, बरी हाय. परक्यास्नी कशाला रडगाणं?" आणि तिनं वळणदार लिहिलेलं.

तिची कानशिलं रागानं तापली. स्वतःवर, दादांवर... आणि समोरच्या त्या शांत डोळ्यांवर तर फारच.

"पण तुमी विचारताच कसं? कसे आहात म्हटलं की आमच्यात मरायला टेकलेला बी बरं हाय म्हणतो. किती पायऱ्यांवर दम लागतो ते विचारा. झोपताना दम लागू नये म्हणून उशा किती. सगळ्यास्नी तेच प्रश्न."

तो लाल झाला. कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं फॉर्म आखू लागला – पायऱ्या, उशा. मग हळूच, "हे पेशंटांच्या घरोघरी विचारायला... येशील माझ्याबरोबर?"

"मी चिडलेय."

"दिसतंय की. तशीच ये."

संध्याकाळी दारात शेजारच्या चिमणाबाईंनी आक्काची चौकशी केली. "बरी हाय," आई म्हणाली. संघप्रियानं आक्काला विचारून भरलेला फॉर्म आई-दादांपुढं आपटला.

"बरी न्हाय. अकरा पायऱ्या, तीन उशा. उद्या तिला तपासायला मी नेणार. आणि रविवारपास्नं घरोघरी हेच विचारत फिरणार, अभिरामसंगं." ती क्षणभर अडखळली. "तो मला आवडतो. आता हे बी विचारलं तर, काय न्हाय, बरं हाय, असलं मी सांगणार न्हाय."