अपेक्षित स्थिती

मानवी इतिहासात प्रथमच रुग्णसेवा मानवी चुकीच्या कक्षेबाहेर गेली आहे, अशी घोषणा राज्य शुश्रूषा-नियंत्रण संचालनालयाने ज्या परिपत्रकातून केली, त्यावर एकतीस सप्टेंबर ही तारीख होती.

ती कोणाच्या लक्षात आली नाही, कारण परिपत्रक वाचायचे नसते, अंमलात आणायचे असते. राज्यातल्या प्रत्येक डायलिसिस केंद्रात एक सर्व्हर होता. यंत्रे सुरू करणे, थांबवणे, नोंदी ठेवणे ही कामे तो जागच्या जागी करत असे. असे चारशे बारा सर्व्हर आता संचालनालयाच्या नभयंत्रणेला जोडायचे होते. सर्व्हर जिथल्या तिथे राहणार, देखरेख तेवढी आकाशातून होणार. हे आकाश म्हणजे परराज्यातले एक वातानुकूलित गोदाम होते. पण परिपत्रकात गोदाम हा शब्द शोभला नसता.

वाघदरीचे केंद्र खंडेनवमीच्या दिवशी जोडले गेले. दुसऱ्या दिवसापासून तिथली आठही यंत्रे दर पंधरा मिनिटांनी बंद पडू लागली.

डायलिसिसचे यंत्र मध्येच थांबले की नळ्यांतले रक्त उभे राहते आणि गोठू लागते. अशा वेळेसाठी यंत्राला एक हँडल दिलेले असते. ते हाताने फिरवून रक्त रुग्णाच्या शरीरात परत सोडायचे. वर्षातून एखाद्या वेळी लागणारे हे हँडल तंत्रज्ञ हर्षला खंदारे आता दिवसभर फिरवत होती. यंत्र पुन्हा सुरू व्हायला सहा मिनिटे लागत. उरलेली नऊ मिनिटे ते चाले, की पुन्हा बंद. चार तासांच्या पाळीत रुग्णाच्या वाट्याला अडीच तासांचेही डायलिसिस येत नव्हते.

"बाई, हात हलवू नका."

"तू हँडल फिरवायचं, मी हात हलवायचा नाही. ठरलंय आपलं," इंदुमती दाभाडकर म्हणाल्या. त्या निवृत्त शिक्षिका. हर्षलाला त्यांनी भूमिती शिकवली होती. "नववीत तुला एक वर्तुळ धड काढता यायचं नाही हर्षले. आता बघ, दिवसाला हजार काढतेस."

त्या हसल्या आणि त्यांना धाप लागली. शरीरात साठलेले पाणी निघत नव्हते. पायांवरची सूज आता फुप्फुसांपर्यंत गेली होती, आणि गेले पाच दिवस त्या बसूनच झोपत होत्या. जवळचे दुसरे केंद्र चौऱ्याहत्तर किलोमीटरवर होते आणि तिथे जागा नव्हती. तिसऱ्या यंत्रावरचे गणपत होले बाराव्या दिवशी गेले. मृत्यूचे कारण मूत्रपिंडविकार असे नोंदले गेले. ते खोटे नव्हते.

त्या संध्याकाळी हर्षलाने संचालनालयातले नभतज्ज्ञ श्रीनंद टिळेकर यांना सतराव्यांदा फोन लावला. या वेळी त्यांनी उचलला.

"सर, आमची यंत्रं बंद पडतायत."

"बंद पडत नाहीयेत मॅडम. दुरुस्त होतायत."

हर्षलाने वही पुढे ओढली. "जरा समजावून सांगता?"

टिळेकर खुलले. त्यांना असे कोणी विचारत नसे. "पूर्वी आपण संगणकाला काय करायचं ते सांगायचो. आता कसं असायचं ते सांगतो. तुमच्या सर्व्हरमध्ये आमचा एक छोटा प्रोग्रॅम बसवलाय, त्याला आम्ही दूत म्हणतो. जोडणीच्या क्षणी तो सगळ्याची नोंद घेतो. ती झाली तुमची अपेक्षित स्थिती. मग दर पंधरा मिनिटांनी तो पडताळून बघतो. फरक दिसला तर ते विचलन. विचलन दिसलं की पूर्ववत करायचं. सुंदर कल्पना आहे."

"आणि आमची अपेक्षित स्थिती काय आहे?"

"बघतो. यंत्र एक, बंद. यंत्र दोन, बंद. तीन, चार... आठही बंद. वजनकाटा, सहाशे चाळीस ग्रॅम."

डायलिसिसच्या आधी आणि नंतर रुग्णाचे वजन करतात. सहाशे चाळीस ग्रॅमचा रुग्ण हर्षलाने आजवर पाहिला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "तो नारळ आहे."

खंडेनवमीला सकाळची पाळी संपल्यावर त्यांनी रिवाजाप्रमाणे यंत्रे बंद करून पुसली, त्यांना हळदकुंकू वाहिले, झेंडूच्या माळा घातल्या. नारळ ठेवायला जागा नव्हती म्हणून तो काट्यावर ठेवला. एवढ्यात कंत्राटदाराचा माणूस आला, यंत्रे मोकळी दिसताहेत म्हणून त्याने दहा मिनिटांत जोडणी उरकली, दोन पेढे खाल्ले आणि गेला.

"म्हणजे तुम्ही आमच्या पूजेचा फोटो काढलाय," हर्षला म्हणाली, "आणि दर पंधरा मिनिटांनी आम्हाला त्या फोटोसारखं बसवताय."

"ढोबळमानाने, हो."

"मग बदला की तो."

"बदलाचा अर्ज ज्या केंद्राची अनुरूपता, म्हणजे अपेक्षित स्थितीशी जुळणी, नव्वद टक्क्यांच्या खाली आहे, त्यालाच करता येतो. तुमची दर तपासणीनंतर शंभर येतेय."

"शंभर कशी येईल?"

"यंत्रं बंद असतात ना तेव्हा."

"मी तार उपटून टाकते."

"दूत आत बसलाय मॅडम. तार काढलीत तर तो शेवटचा हुकूम पाळत राहील. उलट आमच्या तक्त्यावर तुम्ही संपर्कबाह्य म्हणून लाल दिसाल."

"आमच्यापुरती सूट द्या."

"दुरुस्तीचा नियम सगळ्या राज्याला एकच आहे. एकाला सोडला की सगळ्यांना सुटतो. त्याला संचालकांचीच परवानगी लागते."

संचालक डॉ. वसुंधरा मोहाळकर यांनी शुक्रवारी दूरदृश्य बैठकीत हर्षलाला सात मिनिटे दिली. पैकी चार मिनिटे त्या स्वतःच बोलल्या.

"खंदारे, माझ्यासमोर तक्ता आहे. वाघदरी शंभर टक्के. हिरवंगार. राज्यात अशी केंद्रं किती आहेत माहितेय? त्रेसष्ट! आणि तुम्ही तक्रार करताय."

"मॅडम, ही त्रेसष्ट केंद्रं कधी जोडली ते बघाल का? खंडेनवमीलाच असतील."

"सणाच्या दिवशी काम केलं म्हणून तक्रार आहे का तुमची?"

"तक्रार माणूस मेला म्हणून आहे. होले नावाचा. अजून एक बाई मरायला टेकल्यात. डॉक्टर म्हणतात, सोमवारी पूर्ण चार तास मिळाले नाहीत तर त्यांचा भरवसा नाही."

"हे बघा, भावनेच्या भरात यंत्रणा चालत नसते. तुमच्यासारख्यांचा विश्वास बसावा म्हणून आम्ही आमची ही इमारतसुद्धा जोडतोय. दिवे, दारं, लिफ्ट, सगळं. टिळेकर, कधी जोडताय?"

बैठकीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत टिळेकर दचकले. "बुधवारी दुपारी, मॅडम."

हर्षलाचा पारा चढलेला होता. बोलायला ती तोंड उघडणार, तोच तिच्या डोक्यात काहीतरी शांतपणे जागेवर बसले.

"मॅडम, बुधवारी कशाला?" ती नम्रपणे म्हणाली. "भर कामात व्यत्यय येईल. रविवारी जोडा. इमारत मोकळी असते."

"बघा टिळेकर! आता कसं सहकार्याचं बोलल्या. परवा रविवारीच करून टाका."

टिळेकरांनी पडद्यावर हर्षलाकडे पाहिले. त्यांना कळायला चारेक सेकंद लागले असावेत. मग त्यांनी मान खाली घालून वहीत रविवार असे लिहिले.

सोमवारी सकाळी दहा वाजता इंदुमतीबाई पहिल्या यंत्राला जोडल्या गेल्या. त्यांना वाक्य पुरे करता येत नव्हते. सव्वादहाला यंत्र थांबले आणि हर्षला हँडल फिरवू लागली.

त्याच क्षणी संचालनालयाच्या अकराही मजल्यांवरचे दिवे गेले, दारांना कुलपे लागली, आणि लिफ्ट सातव्या व आठव्या मजल्यांच्या मध्ये थांबली. तक्त्यावर इमारतीची अनुरूपता शंभर टक्के झाली. लिफ्टमध्ये डॉ. मोहाळकर होत्या.

त्यांनी टिळेकरांना फोन केला. टिळेकरांनी त्यांना अपेक्षित स्थितीची कल्पना सुरुवातीपासून समजावून सांगितली. अर्जाची अट सांगितली. एकाला सोडले की सगळ्यांना सोडावे लागेल, हेही सांगितले. त्यावर लिफ्टमधून जी परवानगी मिळाली ती लेखी स्वरूपात उपलब्ध नाही.

वाघदरीत साडेदहाला यंत्र पुन्हा थांबले. हर्षलाने रक्त परत सोडले, यंत्र सुरू केले आणि घड्याळाकडे बघत हँडलवर हात ठेवून उभी राहिली. पावणेअकरा वाजले. अकरा वाजले. पंप फिरतच होता.

"हँडल सोड की आता," इंदुमतीबाई पुटपुटल्या. हर्षलाला बोटे सरळ करता येईनात.

दुपारी अडीचपर्यंत त्यांच्या अंगातून तीन लिटर पाणी निघाले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्या आडव्या होऊन झोपल्या. हर्षलाने बाहेर येऊन टिळेकरांना फोन लावला.

"काय केलंत नेमकं?"

"नियमाच्या पानावर दोन पर्याय असतात," टिळेकर म्हणाले. "'आपोआप दुरुस्त करा' आणि 'फक्त कळवा'. दुसऱ्यावर खूण केली."

"हा पर्याय कधीपासून आहे?"

"पहिल्या दिवसापासून."